बोटाला सापडणारे बटण

खालापूरचा टोलनाका मागे पडला की मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या चालकाचे काम बदलते. तोवर रस्ता सपाट आणि सरळ असतो, पुढे बोरघाट असतो. खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही उंच नाही, लोणावळा सहाशेच्या वर आहे. एवढी उंची गाडी काही मिनिटांत चढते. जुलै महिना असेल तर या काही मिनिटांत पाऊस दाटतो, हवा गार होते, ढग रस्त्यावर उतरतात. गाडीत चार माणसे असली तर चौघांच्या श्वासातली वाफ पावसाने थंड पडलेल्या काचेवर आतून बसते आणि समोरचा ट्रक दिसेनासा होतो. आता काच साफ करायची आहे. त्यासाठी रस्त्यावरची नजर किती वेळ काढावी लागेल, हे तुमच्या गाडीचा डॅशबोर्ड कोणी आणि कसा आखला यावर अवलंबून आहे.

काच दोन प्रकारांनी धूसर होते आणि दोन्हींचे उपाय परस्परविरोधी आहेत. वाफ आतून बसली असेल तर एसी चालू करायचा, हवेचा झोत समोरच्या काचेवर सोडायचा आणि बाहेरची हवा आत घ्यायची. इथे एसीचा गारवा महत्त्वाचा नाही, तो हवेतले पाणी शोषून घेतो म्हणून तो लावायचा. कधी उलट होते. एसी बराच वेळ जोरात चाललेला असतो, काच गार पडते आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर दवासारखी साचते. मग वायपर फिरवायचा, झोत काचेवरून हटवायचा आणि आतले तापमान वाढवायचे. बाहेरचे दव आतून फडक्याने पुसत बसलेले चालक घाटात दर पावसाळ्यात दिसतात. त्यांना हसण्यात अर्थ नाही. काच कोणत्या बाजूने धुरकटली, हे डॅशबोर्ड सांगत नाही.

म्हणजे काच साफ करायला चार-पाच गोष्टी हलवाव्या लागतात: एसी, पंख्याचा वेग, झोताची दिशा, तापमान, हवा आतली की बाहेरची. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या साध्या गाडीत यासाठी तीन गोल नॉब आणि एक सरकती पट्टी असे. पहिल्या आठवड्यात बघून फिरवायचे, मग हात आपोआप जात असे. आज अनेक गाड्यांत हेच काम टचस्क्रीनवर गेले आहे किंवा चकचकीत काळ्या पट्टीवरच्या सपाट चिन्हांवर. स्क्रीनवर नकाशा चालू असेल तर आधी एसीचे पान उघडा, मग चिन्ह शोधा. पुढच्या काचेचे चिन्ह म्हणजे कमानदार कडांची पंख्यासारखी चौकट, मागच्या काचेचे साधा आयत, आणि दोन्हींत तेच तीन नागमोडी बाण. शोरूममध्ये थांबलेल्या गाडीत हा फरक लगेच कळतो. आडोशीच्या वळणावर, शेजारून टँकर जात असताना, तो कळायला नजर लागते. चिन्ह खड्ड्यामुळे बोटाखालून निसटले तर पुन्हा नजर लागते. आणि कर्जत स्टेशनवरचा बटाटावडा खाऊन झाला असेल, तर त्या तेलकट बोटाचे त्या चकचकीत पट्टीशी कधीच जमत नाही.

घाटात मोटारींना वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटर आहे. या वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरपेक्षा जास्त जाते. दोन सेकंद खाली पाहिले की सुमारे ३३ मीटर रस्ता न पाहता गेला. खाली सपाटीवर मर्यादा १०० आहे, तिथे तेच दोन सेकंद सुमारे ५६ मीटरचे होतात. दोन सेकंदांचा आकडा मुद्दाम घेतला. अमेरिकेच्या रस्तेसुरक्षा खात्याने २०१३ साली कारमधल्या उपकरणांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार एका वेळी नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त हटू नये आणि सगळे काम मिळून बारा सेकंदांत आटपावे. सूचना ऐच्छिक होत्या, त्यामुळे त्या पाळणे कंपन्यांच्या मर्जीवर राहिले.

प्रत्यक्षात किती सेकंद लागतात हे ‘वी बिलॅगरे’ या स्वीडिश मोटार मासिकाने २०२२ मध्ये मोजले. त्यांनी अकरा नव्या गाड्या आणि २००५ ची एक जुनी व्होल्व्हो व्ही-७० एका धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटरने चालवली. चालकांना गाडीची ओळख करून घ्यायला आधी वेळ दिला होता. कामे रोजचीच होती: तापमान दोन अंशांनी वाढवणे, काचेवरचे धुके घालवणे, रेडिओवर ठरावीक केंद्र लावणे, डॅशबोर्डचा उजेड कमी करणे आणि अशीच आणखी काही. जुन्या व्होल्व्होत सगळे दहा सेकंदांत झाले, तोवर गाडी ३०६ मीटर गेली होती. सर्वांत शेवटी आलेल्या एमजी मार्व्हल आर या नव्या विजेवरच्या गाडीत जवळपास पंचेचाळीस सेकंद लागले. अंतर १,३७२ मीटर. सतरा वर्षे जुनी गाडी पहिली आली, कारण तिच्यात प्रत्येक कामाला आपापली जागा असलेले बटण होते.

पावसाचा आणि स्क्रीनचा संबंध जर्मनीत थेट कोर्टात गेला. मार्च २०१९ मध्ये एका टेस्ला चालकाने भर पावसात वायपरचा वेग बदलायला स्क्रीनकडे पाहिले. त्या गाडीत वायपर एकदा फिरवायला दांडीवर बटण होते, पण वेग ठरवायला स्क्रीनवर जावे लागे. गाडी रस्ता सोडून खांबांवर आणि झाडांवर गेली. त्याला २०० युरो दंड आणि महिनाभर वाहनबंदी झाली. २७ मार्च २०२० रोजी कार्ल्सरूहच्या वरिष्ठ न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. न्यायालयाचे म्हणणे असे की गाडीत बसवलेली स्क्रीनही मोबाइलसारखेच इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे, कामासाठी तिच्याकडे झटकन कटाक्ष टाकता येईल, रेंगाळता येणार नाही. कायद्याने ते योग्यच असेल. पण वायपर स्क्रीनमध्ये ठेवणाऱ्या अभियंत्याला कोणी दंड केला नाही, आणि मला त्या निकालातली हीच बाजू जास्त खटकते.

बोटांना वस्तू न पाहता कशी सापडते, हा प्रश्न मोटारींच्या आधी विमानांनी सोडवला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवर पोटावर बसत. वैमानिक पंखांच्या फ्लॅप्सऐवजी चाके आत घेत होते. आधी याला वैमानिकाची चूक म्हटले गेले. आल्फान्स चॅपनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये बसून पाहिले, तर दोन्ही खटके एकसारखे आणि शेजारी शेजारी होते. त्याने चाकांच्या खटक्यावर रबराचे छोटे चाक आणि फ्लॅप्सच्या खटक्यावर पाचर बसवली. अपघात थांबले. आजही प्रवासी विमानात चाकांच्या खटक्याची मूठ चाकासारखीच असते. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या अशा शेकडो चुका गोळा केल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा यंत्राच्या मांडणीतून निघतात असे दाखवले. पुढे १९५४ मध्ये फिट्सने हाताच्या हालचालीचा नियम मांडला: लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका ते गाठायला वेळ जास्त. डॅशबोर्डच्या मधोमध, हातभर अंतरावर, नखाएवढे चिन्ह ठेवणारा माणूस हा नियम विसरलेला असतो.

आपल्याकडे न पाहता हाताशी येणाऱ्या मांडणीचा नमुना पाहायचा असेल तर नेरळ स्टेशनबाहेर उभे राहावे. माथेरानला गाडी दस्तुरीपर्यंतच जाते, पुढे मोटारींना बंदी आहे. नेरळ ते दस्तुरी हा अरुंद, उभ्या चढाचा, केसाच्या पिनेसारख्या वळणांचा रस्ता वर्षानुवर्षे मारुती ओम्नीच्या टॅक्सींनी सांभाळला. १९८४ साली आलेल्या आणि २०१९ मध्ये बंद झालेल्या या व्हॅनमध्ये डॅशबोर्ड म्हणावे असे फार काही नाही. इंजिन पुढच्या सीटखाली, गिअरची लांब दांडी, दोन सीटच्या मध्ये हँडब्रेक, एवढेच. वरून गाडी आली की चढणारा वळणावर थांबतो, हँडब्रेक खेचतो, हाफ क्लचवर इंजिन धरतो आणि ब्रेक हळूहळू सोडत निघतो. या सगळ्यात त्याची नजर वळणावरच असते. ओम्नी सुरक्षित गाडी होती असे मी म्हणणार नाही. टक्कर झाली तर चालकाच्या गुडघ्यांपुढे जेमतेम पत्रा होता. पण हातापायांची कामे कशी मांडावीत, हे तिच्यात बरोबर होते.

मुंबईहून नवी गाडी घेऊन आलेला पाहुणा याच रस्त्यावर अडतो. त्याच्या गाडीत हँडब्रेकची दांडीच नाही, एक लहानसे बटण आहे, आणि ते ओढायचे की दाबायचे यातही एकमत नसते. हिल होल्ड नावाची सोय गाडीला चढावर दोन-तीन सेकंद धरून ठेवते. हे माहीत असेल तर ती हँडब्रेकपेक्षा सोपी आहे, माहीत नसेल तर सेकंद संपताच गाडी मागे सरकते आणि माणूस घाबरतो. दांडीचा आणखी एक गुण बटणात हरवला: ती किती खेचली हे हाताला कळते आणि वेळ पडली तर शेजारी बसलेल्यालाही ती खेचता येते. बहुतेक गाड्यांत इलेक्ट्रिक ब्रेकचे बटण धावत्या गाडीतही ओढून धरले तर गाडी आवरते. ते शेजारच्याला ठाऊक नसते, आणि अनेकदा चालकालाही नसते.

उतरताना गोष्ट अधिक गंभीर होते. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे वाक्य बोरघाटातल्या प्रत्येक जुन्या चालकाने ऐकलेले असते. सतत ब्रेक दाबला तर तो तापतो आणि तापलेला ब्रेक पकड सोडतो. म्हणून वेग इंजिनाने रोखायचा. गिअर हाताने टाकायच्या गाडीत सेकंड कुठे आहे हे मनगटाला माहीत असते. ऑटोमॅटिक गाडीत ते मॅन्युअल मोडमध्ये, ‘एल’मध्ये किंवा स्टिअरिंगमागच्या पॅडलमध्ये दडलेले असते. काही गाड्यांत दांडीऐवजी फिरता नॉब आहे, त्यावर निवडायला फक्त पुढे, मागे आणि मध्ये. मग लोक ‘डी’मध्ये ठेवून पायावर जोर देत खोपोलीपर्यंत येतात. विजेवरच्या गाड्यांत मोटरच ब्रेकचे काम करते आणि उतारावर बॅटरी थोडी भरते. मात्र लोणावळ्यात बॅटरी शंभर टक्के भरून लगेच घाट उतरायला घेतला, तर ही वीज साठवायला जागा उरत नाही आणि मोटरचा तो अडसर फार कमी होतो. डॅशबोर्डवर याची सूचना येते खरी, बारीक अक्षरांत.

रेल्वेने हा घाट १८६३ साली पार केला आणि उताराचा प्रश्न फार आधी ओळखला. खाली येणाऱ्या गाड्या आजही घाटात ठरावीक ठिकाणी थांबतात, ब्रेक ताब्यात आहे याची खात्री करतात आणि मगच पुढे निघतात. द्रुतगती मार्गावर अशी सक्ती कोणी करत नाही. तिथे भिस्त चालकाच्या हातापायांवर आणि त्यांना सापडणाऱ्या वस्तूंवर.

सगळा दोष स्क्रीनचा नाही. इंडिकेटरची दांडी घ्या. मारुती, ह्युंदाई, टाटा यांच्या गाड्यांत ती स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला असते, फोक्सवॅगन आणि स्कोडात डाव्या. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि डावा हात गिअरवर असतो, म्हणून उजवी दांडी तर्काला धरून आहे: गिअर बदलता बदलता उजव्या हाताने इंडिकेटर देता येतो. युरोपीय गाड्यांची आखणी डावीकडे बसणाऱ्या चालकासाठी झाली, स्टिअरिंग इकडे आले तरी दांडी जागची हलली नाही. ज्याच्या घरी एक स्विफ्ट आणि एक चाकणची पोलो, तो खंडाळ्याच्या वळणावर ओव्हरटेक करताना कोरड्या काचेवर वायपर फिरवतो. मागच्या ट्रकवाल्याला त्यातून काही समजत नाही.

आवाजाचेही तेच. १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या मोटारींना सीटबेल्टची आठवण आणि वेगाचा इशारा बंधनकारक झाला. ताशी ८० च्या वर गेलात की थोड्या थोड्या वेळाने ‘टिंग’, १२० च्या वर अखंड. हेतू चांगला होता. पण पनवेल ते खालापूर या पट्ट्यात कायद्यानेच १०० ने जाता येते, म्हणजे नियम पाळणाऱ्या माणसालाही गाडी टोकत राहते. जो इशारा नेहमीच वाजतो तो कान ऐकेनासे होतात. पट्टा न लावणाऱ्यांनी तर त्याच्या पुढचा मार्ग काढला: पट्ट्याच्या खोबणीत नुसतीच पत्र्याची क्लिप अडकवायची, की गाडी गप्प. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, त्यानंतर मागच्या सीटच्या पट्ट्याची आणि या क्लिपांची चर्चा सुरू झाली. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना त्या विकणे बंद करायला लावले. तेरा हजारांवर जाहिराती काढाव्या लागल्या.

बोगद्यांत आणखी एक गंमत दिसते, गंमत म्हणण्याची सोय असेल तर. माडपच्या बोगद्यात शिरताच कितीतरी जण चारही इंडिकेटर लावतात. लाल त्रिकोणाचे ते बटण डॅशबोर्डवर सर्वांत ठळक आणि हाताला सर्वांत सोपे, म्हणून तेच दाबले जाते. पण ते चालू असताना आपण लेन बदलतोय हे मागच्याला कळवण्याचा मार्गच बंद होतो. धुक्यासाठीचा मागचा लाल दिवा बऱ्याच गाड्यांत असतो. त्याचे बटण शोधायला मात्र माहितीपुस्तिका लागते. उलट, हेडलाइट लावायचे राहून जाते. पूर्वी दिवे लावल्याशिवाय डॅशबोर्ड उजळत नसे, त्यामुळे काटे दिसले नाहीत की चालकाला आठवण होई. आताचे डिजिटल काटे दिवसरात्र झगमगतात, समोर डीआरएलचा, म्हणजे दिवसा लागणाऱ्या दिव्यांचा, थोडा उजेडही पडतो, आणि मागचे दिवे बंदच राहतात. कॅनडाने यावर सप्टेंबर २०२१ पासून नव्या गाड्यांना नियम लावला: एकतर मागचे दिवे आपोआप लागावेत, नाहीतर अंधारात डॅशबोर्ड काळा राहावा.

मग कंपन्या स्क्रीनमागे का लागल्या? पहिले कारण पैसा. प्रत्येक बटणाला साचा, वायर आणि जुळणी लागते, स्क्रीन एकदा बसवली की हवी तितकी चिन्हे फुकट. रिव्हर्स कॅमेऱ्यासाठी ती लागतेच. आणि आपल्याकडे शोरूममध्ये पहिला प्रश्न असतो, ‘स्क्रीन किती इंची?’ तीन नॉबची गाडी गरीब दिसते. कल्पना तशी नवी नाही: अमेरिकेत ब्यूक रिव्हिएरामध्ये १९८६ सालीच टचस्क्रीन होती, लोकांना ती रुचली नाही आणि काही वर्षांत निघाली. २०१२ मध्ये टेस्लाने मॉडेल एसमध्ये १७ इंची पडदा उभा केला आणि सगळा उद्योग त्यामागे गेला. नकाशा आणि मागचा कॅमेरा यांसाठी स्क्रीनसारखी गोष्ट नाही, हेही मान्य करायला हवे. वाद फक्त गाडी चालू असताना लागणाऱ्या डझनभर कामांपुरता आहे.

तो वाद आता बटणांच्या बाजूने झुकतो आहे. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’ ही अमेरिकी युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा नौसैनिक मेले. टचस्क्रीनवरून सुकाणूचा ताबा एका जागेवरून दुसरीकडे देताना झालेला गोंधळ त्यामागे होता. पुढे त्या नौदलाने आपल्या विनाशिकांवर पुन्हा हाताने ढकलायचे खटके बसवायचे ठरवले. फोक्सवॅगनने आठव्या गोल्फमधल्या सपाट, रात्री न उजळणाऱ्या पट्ट्यांबद्दल ग्राहकांचे शिव्याशाप खाऊन बटणे परत आणायची घोषणा केली. गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणारी युरोपातली युरो एनकॅप ही संस्था २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल या पाच गोष्टींना खरी बटणे नसतील तर गुण कापते, आणि पाच तारे हवे असणाऱ्या कंपनीला ते परवडत नाही.

आपले भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाले, पण त्याचे तारे टक्कर झाल्यावर आतली मोठी माणसे आणि मुले किती वाचतात यावर प्रामुख्याने ठरतात. काचेवरची वाफ घालवायला तुम्हाला किती वेळ खाली पाहावे लागले, हे त्यात मोजले जात नाही. ते मोजले जाईपर्यंत ही मोजणी ग्राहकानेच करावी. गाडी घ्यायला जाल तेव्हा शोरूमच्या अंगणात, गाडी उभी असताना, नजर समोर ठेवा आणि हाताने पाच गोष्टी करून पाहा: वायपरचा वेग, पुढच्या काचेवरचा झोत, एसीचे तापमान, मागचा धुक्याचा दिवा, उतारासाठी खालचा गिअर. जे सापडणार नाही ते विक्रेत्याला तिथेच विचारा. तरीही न सापडणारी गोष्ट दोनपेक्षा जास्त असेल, तर स्क्रीन कितीही इंची असो, त्या गाडीचा विचार सोडा.